मशेरी

मशेरी (अन्य रूपे: मिश्री, मिसरी) हा तंबाखूची पाने भाजून व त्यांची पूड करून तयार केला जाणारा धूरविरहित तंबाखूजन्य पदार्थ आहे. महाराष्ट्र व गोव्यात, विशेषतः कोकण आणि पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात, तसेच मुंबईतील श्रमिक वस्त्यांत तो दात घासण्यासाठी वापरला जातो. वापरणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक आहे. मशेरी दंतमंजन म्हणून ओळखली जात असली, तरी तिच्यातील निकोटिनमुळे तिचे व्यसन लागते. हिरड्यांचे विकार, मुखकर्करोग आणि गर्भावस्थेतील गुंतागुंत यांच्याशी तिचा संबंध आढळला आहे.

नाव

मराठीत मशेरी ‘लावणे’ किंवा ‘घासणे’ असे म्हटले जाते. ती ‘खाणे’ असा प्रयोग सहसा होत नाही. हा भाषेचा बारकावा वैद्यकीय दृष्ट्याही महत्त्वाचा ठरतो. ‘तुम्ही तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मशेरी लावणारी स्त्री प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देऊ शकते, कारण तिच्या लेखी ती दात घासते, तंबाखू खात नाही. त्यामुळे रुग्णाला ‘दात कशाने घासता?’ आणि ‘दिवसातून किती वेळा?’ हे दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारणे आवश्यक असते.

मशेरी आणि दातवण या भिन्न वस्तू आहेत. पूर्वी दात काळे करण्यासाठी वापरले जाणारे दातवण हिरडा, हिराकस इत्यादींपासून बनत असे. उत्तर भारतातील मिस्सी हीदेखील तशीच प्रसाधनाची वस्तू होती. हिंदीत खडीसाखरेला ‘मिश्री’ म्हणतात. तिचाही या पदार्थाशी संबंध नाही.

पार्श्वभूमी

तंबाखूची वनस्पती मूळची अमेरिका खंडातील आहे. पोर्तुगीज व्यापाराबरोबर ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली आणि सतराव्या शतकाच्या प्रारंभी दख्खनमध्ये परिचित झाली होती. अकबराचा दूत असद बेग याने विजापूरहून तंबाखू नेऊन बादशहाच्या दरबारात सादर केल्याची नोंद त्याच्या वृत्तान्तात आहे. ओढणे, चघळणे आणि नाकात ओढणे यांबरोबरच दातांना व हिरड्यांना तंबाखू लावण्याची पद्धतही कालांतराने रूढ झाली. महाराष्ट्रातील मशेरी, उत्तर व पूर्व भारतातील गुल, गुजरातेतील बजर आणि दातांना लावली जाणारी ओली तपकीर हे सर्व याच प्रकारचे पदार्थ होत.

तयार करण्याची पद्धत

घरगुती मशेरीसाठी तंबाखूची सुकी पाने लोखंडी तव्यावर किंवा खापरावर काळी पडेपर्यंत भाजतात. या वेळी निघणारा धूर उग्र असतो व त्याने घरातील इतरांनाही ठसका लागतो. भाजलेली पाने कुटून किंवा हाताने चुरून बारीक पूड करतात आणि ती डबीत भरून ठेवतात. बाजारात तयार मशेरीही मिळते.

भाजल्याने तंबाखूतील अपायकारक घटक नष्ट होतात, असा समज आहे. तो चुकीचा आहे. तंबाखूतील कर्करोगकारक नायट्रोसामाइन संयुगे मशेरीतही आढळतात. शिवाय पाने अर्धवट जळताना बेंझोपायरीनसारखी नवी कर्करोगकारक संयुगे तयार होतात. ही संयुगे धुरातही असतात. चघळण्याच्या कच्च्या तंबाखूपेक्षा मशेरी सौम्य असते, असे म्हणण्यास त्यामुळे आधार राहत नाही.

वापर व प्रसार

मशेरी चिमटीत किंवा तळहातावर घेऊन तर्जनीने दात व हिरड्यांवर चोळतात. काही वेळ ती तोंडात तशीच ठेवून मग चूळ भरतात. सुरुवातीला सकाळी एकदा होणारा हा वापर पुढे दुपारच्या कामानंतर, जेवणानंतर आणि झोपण्यापूर्वी असा वाढत जातो. घासण्यास पाच मिनिटे पुरेशी असताना अर्धा-अर्धा तास मशेरी तोंडात ठेवली जाते, तेव्हा दात घासण्याचा हेतू मागे पडून निकोटिनची गरज पुढे आलेली असते.

सवयीचा प्रारंभ बहुधा घरातच होतो. आई, आजी, सासू किंवा शेजारीण यांच्याकडून ती उचलली जाते. दातदुखीवर उपाय म्हणूनही ती सुचवली जाते. पोट साफ होण्यासाठी मशेरी लागते, ही समजूतही व्यापक आहे. निकोटिन आतड्यांच्या हालचालीस चालना देत असल्याने तसा अनुभव येतो खरा. परंतु कालांतराने तिच्यावाचून शौचास होत नाही, अशी परावलंबी अवस्था निर्माण होते. धूम्रपान करणाऱ्या स्त्रीकडे समाज ज्या नजरेने पाहतो, ती नजर मशेरी लावणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला येत नाही. दंतमंजनाच्या आवरणामुळे हे व्यसन घरात मान्य झाले.

पुणे जिल्ह्यातील एक लाखाहून अधिक ग्रामस्थांच्या सर्वेक्षणात (१९७२ मध्ये प्रसिद्ध) स्त्रियांमधील तंबाखूचा वापर मुख्यतः मशेरीच्या रूपात असल्याचे दिसून आले. मुंबईत १९९२ ते १९९४ या काळात ३५ वर्षे व त्यावरील ९९,५९८ व्यक्तींची पाहणी झाली. त्यांतील ५७.५ टक्के स्त्रिया तंबाखू वापरत होत्या आणि तो वापर जवळजवळ पूर्णतः धूरविरहित होता. त्यात मशेरीचा वाटा मोठा होता. या महानगरातील गिरणगावात रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्या कुटुंबांची संख्या मोठी होती, हे लक्षात घेता कोकणातील सवय शहरातही टिकून राहिली, असे म्हणता येते. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ च्या फेरीनुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते. स्त्रियांत हे प्रमाण १७ टक्के होते.

दात व हिरड्यांवरील परिणाम

मशेरी खरखरीत असते. ती चोळल्याने दातावरील काही थर निघतो आणि दात स्वच्छ झाल्यासारखे वाटतात. मात्र दातांच्या फटींत व हिरडीच्या कडेशी साचणारा जंतूंचा थर बोटाने निघत नाही. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने दातांचे कठीण आवरण झिजते, हिरडीलगत खाचा पडतात, हिरड्या मागे सरकतात आणि मुळे उघडी पडून थंड व गरम पदार्थ झोंबू लागतात. दातांवर तपकिरी-काळे डाग पडतात.

निकोटिनमुळे हिरड्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. हिरडीला सूज आली की एरवी रक्त येते आणि रुग्ण सावध होतो. तंबाखू वापरणाऱ्यांत हे रक्त येणे कमी होते. परिणामी हिरड्या निरोगी असल्याचा भास होतो आणि दातांचा आधार असलेले हाड आतून झिजत राहते. दात हलू लागल्यावर रुग्ण दंतवैद्याकडे येतो, तेव्हा तो वाचवणे अनेकदा अवघड झालेले असते.

मुखकर्करोग

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने धूरविरहित तंबाखूचा समावेश मानवाला कर्करोगकारक असल्याचे सिद्ध झालेल्या पहिल्या गटात केला आहे. सुपारीही याच गटात आहे. कोकणात पानसुपारी व मशेरी या दोन्ही सवयी एकाच व्यक्तीत आढळतात, तेव्हा धोका वाढतो. सुपारीमुळे गालांच्या आतील त्वचा ताठ होऊन तोंड उघडणे कमी होते.

मुखकर्करोगाच्या आधी तोंडात बहुधा काही खुणा दिसतात. खालीलपैकी कोणतेही लक्षण दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकल्यास तपासणी करून घ्यावी, असा वैद्यकीय सल्ला आहे.

– न भरणारी जखम किंवा व्रण, मग ती दुखत नसली तरीही
– पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा
– गालात, जिभेत किंवा मानेत गाठ
– तोंड पूर्वीइतके न उघडणे किंवा तिखट अजिबात सहन न होणे
– कारणाशिवाय दात हलणे, गिळताना त्रास होणे, आवाज बदलणे

सुरुवातीच्या व्रणात वेदना नसते, हे या रोगाचे फसवे वैशिष्ट्य आहे. ‘दुखत नाही, म्हणजे काही नाही’ या समजुतीमुळे उपचार लांबतात. महिन्यातून एकदा आरशासमोर भरपूर उजेडात ओठ, हिरड्या, दोन्ही गालांची आतली बाजू, जीभ बाहेर काढून तिच्या कडा आणि जीभ उचलून तिच्याखालचा भाग पाहणे ही साधी स्वतपासणी कोणालाही करता येते. कवळी वापरणाऱ्यांनी ती काढून पाहावे.

चिपळूण तालुक्यातील डेरवण येथील वालावलकर रुग्णालयाच्या सहभागाने मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत ग्रामीण कर्करोग तपासणीचे काम केले आहे. तोंडाची तपासणी केवळ डोळ्यांनी व बोटांनी होऊ शकत असल्याने अशा शिबिरांत ती कमी खर्चात करता येते.

गर्भावस्था

निकोटिन वारेतून गर्भापर्यंत पोहोचते आणि वारेकडे जाणारा रक्तपुरवठा घटवते. मुंबईतील १,२१७ गर्भवती स्त्रियांच्या अभ्यासात, इतर घटकांचा विचार करूनही, धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि प्रसूती सरासरी सुमारे सहा दिवस आधी झाली. हा अभ्यास २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतिणीने मशेरी लावल्यास निकोटिन अंगावरच्या दुधात उतरते.

गर्भावस्थेत संप्रेरकांमुळे हिरड्या सुजतात व त्यांतून रक्त येते. त्यावर उपाय म्हणून मशेरीचा वापर वाढवला जातो. तो दुहेरी हानिकारक ठरतो. या काळात दंतोपचार टाळावेत, ही समजूतही बरोबर नाही. वेदना वा जंतुसंसर्ग असल्यास उपचार कोणत्याही महिन्यात करावे लागतात. इतर कामांसाठी चौथा ते सहावा महिना सोयीचा मानला जातो.

सर्वसामान्य शंका

मशेरी सोडल्यावर दात दुखतात. म्हणजे तिचा उपयोग होता का? मशेरीमुळे हिरडी काहीशी बधिर होते व वेदना जाणवत नाही. सोडल्यावर मूळचा किडका दात किंवा उघडे पडलेले मूळ जाणवू लागते. दुखणे नवीन नसते. ते झाकलेले होते.

दात साफ करून घेतल्याने सैल होतात का? नाही. दंतवैद्य दातांवरील कठीण कीट काढतात. या कीटाने हिरडी व हाड आधीच झिजलेले असल्यास, ते निघताच दातांमधील फटी उघड होतात आणि दात सैल झाल्याचा भास होतो.

वरचा दात काढल्याने दृष्टी कमी होते का? दृष्टीच्या चेतातंतूचा दातांशी संबंध नाही. दाढ काढल्याने डोळे अधू होत नाहीत.

दुधाचे दात पडणारच असतात. त्यांची काळजी कशाला? दुधाचे दात खालून येणाऱ्या पक्क्या दातांसाठी जागा राखतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पहिली पक्की दाढ कोणताही दात न पडता मागे उगवते. ती दुधाची समजून दुर्लक्षिली जाते आणि लवकर किडते.

मशेरीऐवजी काय वापरावे? मऊ ब्रश आणि फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी सुमारे दोन मिनिटे दात घासावेत. रात्री झोपण्यापूर्वीचे घासणे चुकवू नये. मोठ्यांस वाटाण्याएवढी पेस्ट पुरते, तर तीन वर्षांखालील मुलांस तांदळाच्या दाण्याएवढी. राखुंडी, कोळसा, विटेची पूड व जाडे मीठ यांनी दात झिजतात. कडुलिंबाची किंवा बाभळीची काडी नीट चावून मऊ कुंचा करून वापरल्यास दातांचा दर्शनी भाग स्वच्छ होतो. परंतु ती मागच्या दाढांपर्यंत सहज पोहोचत नाही आणि तिच्यात फ्लोराइड नसते.

कायदा

केंद्र सरकारने १९९२ मध्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली टूथपेस्ट व दंतमंजनांत तंबाखू वापरण्यास बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ही बंदी ग्राह्य ठरवली. २००३ च्या सिगारेट व अन्य तंबाखूजन्य पदार्थ कायद्याच्या परिशिष्टात तंबाखूयुक्त दंतमंजनाचा उल्लेख आहे. या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूजन्य पदार्थ विकणे, तसेच शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत त्यांची विक्री करणे गुन्हा आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखाबंदी लागू झाली. घरी पान आणून तव्यावर भाजलेली मशेरी मात्र या तरतुदींच्या कक्षेत प्रत्यक्षात येत नाही. तिच्याबाबत कायद्यापेक्षा आरोग्यशिक्षणच अधिक परिणामकारक ठरू शकते.

सवय सोडणे

मशेरी बंद केल्यावर चिडचिड, डोकेदुखी, झोप न लागणे व बद्धकोष्ठता ही लक्षणे उद्भवतात. पहिले तीन-चार दिवस ती तीव्र असतात आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. सकाळी कोमट पाणी, तंतुमय आहार व चालणे यांनी पोटाची तक्रार कमी होते. डबी घरातून काढून टाकणे, तल्लफ येताच चूळ भरणे किंवा बडीशेप चघळणे, आणि घरातील इतर मशेरी लावणाऱ्यांनीही एकाच वेळी सोडणे, हे उपाय सुचवले जातात. निकोटिनची च्युइंगम वापरण्यापूर्वी, विशेषतः गर्भवतींनी, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर उपलब्ध आहे. अनेक वर्षांची सवय सोडल्यानेही लाभ होतो: हिरड्यांचा रक्तपुरवठा सुधारतो, उपचारांना त्या चांगला प्रतिसाद देतात आणि तोंडातील काही पांढरे चट्टे नाहीसे होऊ शकतात. सवय सुटल्यानंतर हिरड्यांतून काही दिवस रक्त येऊ शकते. ते नव्या आजाराचे लक्षण नसून दबलेला जुना आजार उघड झाल्याची खूण असते. अशा वेळी मशेरीकडे न परतता दंतवैद्याकडे जावे.

हे सुद्धा पाहा

तंबाखू · तपकीर · सुपारी · मुखकर्करोग · हिरड्यांचे विकार · जागतिक तंबाखूविरोधी दिन