कमी वयात बीपी? एकदा मूत्रपिंडाची धमनी बघा

मी सोनोग्राफी करणारा डॉक्टर. आज बोलू या अशा बीपीबद्दल, ज्याचं कारण पोटात दडलेलं असतं.

काही वर्षांपूर्वी 24 वर्षांची एक मुलगी आली. तीन गोळ्या चालू, तरी बीपी 180/110. घरचे म्हणत होते, "परीक्षेचं टेन्शन." डॉप्लर केलं, तर डाव्या मूत्रपिंडाची धमनी अरुंद झालेली!

याने बीपी का वाढतं? रक्त कमी पोचलं की मूत्रपिंडाला वाटतं, अख्ख्या शरीराचाच रक्तदाब उतरलाय. मग ते रेनिन सोडतं आणि बीपी चढतं. हॅरी गोल्डब्लाट यांनी 1934 मध्ये कुत्र्यांच्या या धमन्या चिमट्याने आवळून हेच दाखवलं होतं.

साधी सोनोग्राफी मूत्रपिंडाचा आकार दाखवते, डॉप्लर रक्ताचा वेग मोजतं. नळीच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी जोरात उडतं ना, तसंच हे. वेग सेकंदाला साधारण 200 सेंटिमीटरच्या वर आणि महाधमनीतल्या वेगाच्या साडेतीन पटींहून जास्त असेल, तर संशय बळावतो. यात सुई नाही, क्ष-किरण नाहीत. फक्त उपाशीपोटी यायचं, कारण आतड्यातला गॅस आड येतो. स्थूल माणसात धमनी नीट दिसत नाही. मग सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी लागते.

ही तपासणी सगळ्यांना नको. तिशीच्या आत बीपी, तीन गोळ्यांनाही न जुमानणारं बीपी, एक मूत्रपिंड लहान, किंवा 'प्रिल', 'सार्टन' गटातली गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन बरंच वाढलेलं, अशांनी डॉक्टरांना जरूर विचारावं.

आणि अरुंद धमनी दिसली की लगेच स्टेंट, असंही नाही. चरबी साठून अरुंद झालेल्या धमन्यांवरच्या 'कोरल' अभ्यासात (2014) औषधांच्या जोडीला स्टेंट घालून जादा फायदा दिसला नाही. तरुणांत कारण बरेचदा वेगळं असतं. या मुलीला ताकायासू होता, म्हणजे धमन्यांना सूज. आधी औषधांनी सूज उतरवली, मग फुग्याने धमनी रुंद केली. आता एका गोळीवर भागतंय.

एक गोष्ट मात्र मनात राहिली. तिच्या डाव्या हाताची नाडी जेमतेम लागत होती. पण तोवर बीपी मोजलं जायचं ते उजव्याच हातावर. म्हणून सांगतो, कमी वयात बीपी निघालं तर दोन्ही हातांवर मोजून घ्या आणि विचारा, "डॉक्टर, कारण शोधायचं का?" गोळ्या मात्र मनाने बंद करू नका.