चढणीचा मासा आणि तापलेली नदी

कॅनडाच्या पश्चिमेला फ्रेझर नावाची नदी आहे. रॉकी पर्वतात उगम पावून सुमारे १,३७५ किलोमीटर वाहत ती व्हँकुव्हरजवळ समुद्राला मिळते. समुद्रात वाढलेले सॉकाय सॅमन मासे अंडी घालायला याच नदीने आपल्या जन्मस्थानी परततात. नदीत शिरल्यावर ते काहीच खात नाहीत. अंगातली चरबी हीच त्यांची शिदोरी! वाटेत अडकले, तर ती संपते.

१९१४ मध्ये रेल्वेमार्गाच्या कामामुळे 'हेल्स गेट' या अरुंद घळीत दरड कोसळली आणि मासे अडले. पुढे संशोधकांनी माशांना खुणेचे बिल्ले लावले, पाण्याच्या पातळीशी त्यांची हालचाल ताडून पाहिली. तेव्हा कळलं, की पाणी ठरावीक पातळीत असलं, की जोरदार प्रवाह माशांना वर चढूच देत नाही. १९४५-४६ मध्ये तिथं काँक्रीटचे मत्स्यमार्ग बांधले आणि वाट मोकळी झाली.

आजचा अडसर डोळ्यांना दिसत नाही. १९५० च्या दशकापासून नदीचं उन्हाळी पाणी तापत चाललं आहे. तापलेल्या पाण्यात माशाला ऑक्सिजन जास्त लागतो. पण एका मर्यादेपुढे हृदय तो पुरवू शकत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की ही मर्यादा सगळ्यांची सारखी नसते. चिल्को सरोवराकडे जाणारे मासे इतरांपेक्षा अधिक उष्णता सोसतात.

म्हणूनच नुसती माशांची एकूण संख्या मोजून भागत नाही. एका ओढ्याचा वंश बुडाला, तर त्याची ताकदही कायमची जाते. उष्णतेला मत्स्यमार्ग बांधता येत नाही!