नॅट किंग कोल यांची गायकी : उच्चारण आणि लोकप्रियता

नाट्यगृहातील शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचविण्याचे गायकावरील ओझे ध्वनिक्षेपकाने दूर केले आणि नित्याच्या बोलण्याइतक्या हळुवार आवाजात गाणे शक्य झाले. अमेरिकेतील ज्या गायकांनी या शक्यतेचे कलेत रूपांतर केले, त्यांत नॅट किंग कोल यांचे स्थान अग्रभागी आहे.

कोल यांचा जन्म १७ मार्च १९१९ रोजी अलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथे झाला. बालपण शिकागोत गेले. वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक होते, तर आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे. कोल हे मूळचे पियानोवादक. १९३७ मध्ये लॉस एंजेलिस येथे त्यांनी पियानो, गिटार व बास या तीन वाद्यांचे त्रिकूट उभारले. कॅपिटॉल या कंपनीसाठी १९४३ मध्ये ध्वनिमुद्रित झालेले ‘स्ट्रेटन अप अँड फ्लाय राइट’ हे गीत, वडिलांच्या प्रवचनात येणाऱ्या माकड व गिधाड यांच्या लोककथेवर आधारलेले होते. त्यानंतर ‘द ख्रिसमस साँग’ (१९४६), ‘नेचर बॉय’ (१९४८), ‘मोना लिसा’ (१९५०), ‘टू यंग’ व ‘अनफर्गेटेबल’ (१९५१) या ध्वनिमुद्रिकांनी वादक कोल मागे पडून गायक कोल सर्वतोमुखी झाले.

या यशाचे मर्म आवाजाच्या विस्तारात शोधणे व्यर्थ होय. ते उच्चारणात आहे. इंग्रजीत आघातयुक्त अक्षर ठसठशीत, तर आघातहीन अक्षर क्षीण उच्चारले जाते. संगीतातील ताल मात्र सर्व मात्रा समान अंतराने मागतो. या दोहोंच्या ओढाताणीत पुष्कळदा भाषेचा बळी जातो. कोल शब्द तालाच्या किंचित मागे ठेवीत; त्यामुळे वाक्याची स्वाभाविक लय अबाधित राहते आणि तालही सुटत नाही. जाझ पियानोवादनाने अंगी बाणलेले कालभान येथे उपयोगी पडले असावे. शिवाय म्, न्, ल् या घोष व्यंजनांवर स्वर टिकविता येतो. ‘मोना लिसा’ या नावात ती तिन्ही आहेत. कोल ही व्यंजने घाईने न ओलांडता त्यांतूनही सूर वाहू देतात. शब्दांती येणारी व्यंजनेही ते गाळीत नाहीत. म्हणूनच प्रत्येक शब्द कानाजवळ उच्चारल्यासारखा भासतो.

१९५८ मध्ये त्यांच्या स्पॅनिश गीतांची ध्वनिमुद्रिका निघाली. ती भाषा त्यांना अवगत नव्हती. शब्द त्यांनी केवळ ध्वनिरूपाने आत्मसात केले होते. उच्चारातील परकेपणा लपत नाही. तथापि लॅटिन अमेरिकेत या गीतांचे उत्तम स्वागत झाले. अर्थबोध आणि उच्चारणाची निगा या दोन भिन्न गोष्टी असल्याचे हे बोलके उदाहरण होय.

परंतु आवाजाला जो प्रवेश मिळाला, तो माणसाला मिळाला नाही. १९४८ मध्ये कोल यांनी लॉस एंजेलिसच्या हँकॉक पार्क भागात घर घेतले, तेव्हा गौरवर्णीय शेजाऱ्यांनी विरोध केला. एप्रिल १९५६ मध्ये बर्मिंगहॅम येथे चालू कार्यक्रमात गौरवर्णीयांच्या एका टोळीने रंगमंचावर चढून त्यांच्यावर हल्ला केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात एनबीसीवर त्यांचा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला. मात्र त्याला राष्ट्रीय पातळीवरील कायम प्रायोजक लाभला नाही आणि डिसेंबर १९५७ मध्ये तो बंद पडला. ज्या घरांत त्यांची ध्वनिमुद्रिका रोज वाजे, त्याच घरांपर्यंत त्यांचा चेहरा नेण्याची जोखीम जाहिरातदारांना नको होती.

१५ फेब्रुवारी १९६५ रोजी, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, फुप्फुसाच्या कर्करोगाने कोल यांचे निधन झाले. १९९१ मध्ये त्यांची कन्या नॅटली कोल यांनी ‘अनफर्गेटेबल’च्या जुन्या मुद्रणाशी आपला आवाज जोडून युगुलगीत सादर केले, आणि तेही लोकप्रिय ठरले. उच्चारणाची निर्दोषता वक्त्याला समाजात आपोआप प्रतिष्ठा मिळवून देते, असा एक समज आहे. कोल यांच्या चरित्रावरून तो टिकत नाही. श्रोता केवळ शब्द ऐकत नाही. ते कोणाच्या मुखातून आले, याचाही तो निवाडा करीत असतो. ध्वनिमुद्रिकेने हा निवाडा काही काळ लांबणीवर टाकला, इतकेच.