सांडपाण्याची वाट

लातूर असो की नांदेड, चार माणसे एकत्र बसली की पाण्याची गोष्ट निघतेच. मांजरा धरणात किती साठा उरला, विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की काय, नळ कोणत्या दिवशी येणार, ह्याची खबर शाळकरी पोरालाही असते. परंतु घरात आलेले पाणी वापरून झाल्यावर जाते कोठे, असे विचारले तर बहुधा एकच उत्तर मिळते, ‘नालीत’. आणि नाली कोठे जाते? तेथे आपले ज्ञान संपते. आज आम्ही नेमक्या त्याच जागेपासून बोलण्यास आरंभ करणार आहोत. हा विषय सभेत मांडण्यासारखा नाही, असे कुणास वाटेल. पण ज्या विषयाने घरात कावीळ येते आणि रस्त्यावर माणूस मरतो, तो सभेत मांडायचा नाही तर कोठे मांडायचा?

प्रथम थोडा हिशेब करू. भुयारी गटारे असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावे, असे मान आपल्याकडे धरलेले आहे. त्यातले सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे धरून इंजिनियर गटाराची आखणी करतात. म्हणजे पाच माणसांच्या घरातून रोज सुमारे ५४० लिटर मैले पाणी बाहेर पडावयाचे. हे पाणी कुणी उपसत नाही, पंपाने ओढत नाही. ते केवळ उताराने वाहते, आणि साऱ्या शास्त्राचे मर्म त्या उतारात आहे. घरातील चार इंची नळाला साधारणतः ४० फुटांस एक फूट, सहा इंचीला ६० फुटांस एक फूट असा उतार देण्याचा प्रघात आहे. पाण्याचा वेग सेकंदाला दोन फुटांच्या आसपास राहिला, तर ते आपल्याबरोबर गाळ आणि मैला वाहून नेते. वेग मंदावला की जड वस्तू तळाशी बसते, तिच्यावर दुसरी बसते, आणि सहा महिन्यांनी एका सकाळी मोरी उलटी भरून येते. त्या दिवशी आपण म्हणतो, ‘आज मोरी तुंबली’. खरे पाहता ती सहा महिने तुंबतच होती.

आता मोरीच्या जाळीखाली काय असते ते पाहू. तेथे नळास एक वळसा दिलेला असतो आणि त्या वळशात दोन इंच पाणी सदैव उभे राहते. गटारातील दुर्गंधी, झुरळे व विषारी वायू घरात येऊ नयेत म्हणून हा पाण्याचा पडदा असतो. पाहुण्यांच्या खोलीतील न्हाणीघर महिना-दोन महिने वापरात नसले, तर मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा पडदा आटून जातो आणि घरभर वास सुटतो. लोक फिनाईल ओततात, उदबत्त्या लावतात. उपाय एवढाच, की आठवड्यातून एकदा तेथे तांब्याभर पाणी टाकावे. तसेच गच्चीच्या वर नेलेला वायुनळ कधी बुजवू नये. तो बुजला, तर वाहत्या पाण्याच्या ओढीने हाच पडदा शोषला जातो.

नळ तुंबवणाऱ्या वस्तू घरातूनच जातात. तूप, वनस्पती तूप पातेल्यात पातळ असते आणि गार नळात थिजते. आपल्याकडे बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. त्यातला चुना, साबण आणि तेलकटपणा ह्यांचा मिळून एक पांढरा, चिवट थर नळाच्या आतून धरतो. त्यावर चहाचा चोथा, भाताची शिते, केस आणि भांडी घासण्याची राख चिकटते. म्हणून खरकटे ताट प्रथम पुसावे, मग धुवावे. तळणीचे उरलेले तेल मोरीत ओतू नये. शौचकूपात कपड्याची चिंधी, बाळाचे लंगोट, मासिक पाळीचे पॅड ह्यांपैकी काहीही टाकू नये. ह्या वस्तू विरघळत नाहीत आणि पुढच्या वळणावर अडकून बसतात. त्यांना कागदात गुंडाळून कचऱ्याच्या वेगळ्या डब्यात जागा द्यावी.

ह्यावर कुणी म्हणेल, ‘ॲसिड ओतले की झाले’. झाले नाही. ॲसिड तो चिकट थर पुरता काढीत नाही, उलट सिमेंटचे चेंबर खाते. त्यात कुणी ब्लीचिंग पावडर मिसळली, तर क्लोरिन वायू सुटून माणसाच्या फुफ्फुसावर बेतते. रबरी दट्ट्या, लवचिक तार आणि कढत नव्हे पण चांगले गरम पाणी, ही साधने पुष्कळदा पुरी पडतात.

आपल्या भागाची स्वतंत्र अडचण काळ्या मातीची आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. शेतात ज्या भेगेत हात जातो, तीच भेग घराच्या पायाजवळ नळाचा सांधा उघडा पाडते. मग सांडपाणी जमिनीत मुरते, झाडांची मुळे त्या ओलाव्याकडे धाव घेतात आणि सांध्यातून आत शिरतात. म्हणून नळाखाली व भोवती मुरूम किंवा वाळूची गादी द्यावी, आणि प्रत्येक वळणावर व जोडावर चेंबर ठेवावे. चेंबरवर फरशी बसवून ते झाकून टाकण्याची हौस पुढे फार महाग पडते.

दुष्काळाचा आणि गटाराचाही संबंध आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीस दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ती गाडी देशभर गाजली. परंतु घागरभर पाण्यावर दिवस काढणाऱ्या घरांच्या मोऱ्यांना पाणी कोठून मिळणार? पाणी कमी झाले तरी मैला कमी होत नाही. त्याला वाहून नेणारा वेगच नाहीसा होतो. अशा दिवसांत कपडे-भांड्यांचे पाणी साठवून ठेवावे आणि ते थेंब थेंब न सोडता दिवसातून एकदा मोठी बादली एकदम ओतावी. एकदम सुटलेला लोंढा गाळ पुढे ढकलतो.

ह्याहून गंभीर गोष्ट पिण्याच्या पाण्याची. जेथे नळ काही दिवसांआड येतो, तेथे मधल्या काळात जलवाहिनी रिकामी असते. तिला कोठे बारीक छिद्र असले आणि शेजारून फुटके गटार वाहत असले, तर ते मैले पाणी आत शिरते. नळ येताच लोक मोटार लावतात, आणि ती पाण्याबरोबर भोवतीची घाणही ओढते. कावीळ, टायफॉईड, जुलाब ह्यांची ही वाट आहे. आपल्या घराची जोडणी नालीच्या पोटातून गेली आहे काय, हे प्रत्येकाने आजच पाहावे. गेली असल्यास ती वर उचलून घ्यावी. नळाचे पहिले गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नये, आणि शंका असता पाणी उकळावे.

जेथे भुयारी गटार नाही तेथे मैलाटाकी असते. तिच्यात गाळ तळाशी बसतो, साय वर तरंगते, आणि मधले पाणी बाहेर जाते. गाळ वाढत गेला की मैलाच बाहेर पडू लागतो, म्हणून दोन-तीन वर्षांनी टाकी उपसावी लागते. पुष्कळ घरांत ती भरून वाहीपर्यंत कुणी झाकण उघडीत नाही. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर ह्या नगरपालिकांनी ठराविक पाळीने घरोघरच्या टाक्या उपसण्याची पद्धत सुरू केली. आपल्या नगरांनीही तिचा अभ्यास करावा.

पण टाकीत माणूस उतरवावयाचा नाही. तेथील हायड्रोजन सल्फाईड वायूला प्रथम सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढताच तो नाकाची जाणीवच मारतो आणि माणसाला वाटते, वास गेला. काही क्षणांत तो कोसळतो. त्यास काढावयास उतरलेला दुसराही कोसळतो. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीतही उपयोगाची नाही. ह्या वायूचा पत्ता ज्योत देत नाही, आणि टाकीत मिथेन असला तर भडका उडतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून गटारात वा टाकीत माणूस उतरविणे हा गुन्हा ठरला आहे. पहिल्याच गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरविली आणि २०२३ साली ती तीस लाखांवर नेली. तरीही माणसे मरतात, कारण यंत्राची गाडी बोलावण्यापेक्षा माणूस बोलावणे स्वस्त पडते. तो सौदा आपल्या अंगणात होतो, हे आम्हांस येथे स्पष्ट सांगितले पाहिजे.

गच्चीचे पावसाचे पाणी गटारास जोडू नये, ही आणखी एक सूचना. एका जोराच्या सरीत एवढे पाणी येते, की मैल्यासाठी बांधलेले गटार उफाळते आणि खालच्या वस्तीतील मोऱ्यांतून वर येते. नांदेडला गोदावरी फुगली की नाल्यांचे पाणी नदीत शिरत नाही, ते मागे फिरते; मग सखल भागातील लोकांनी काय सोसावे? गच्चीचे पाणी गाळून बोअरच्या पुनर्भरणाकडे वळवावे, म्हणजे एकाच कामात दोन हेतू साधतात.

ह्या बाबतीत शहरांनी खेड्याकडून शिकण्यासारखेही आहे. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे करून उघड्या नाल्या बंद केल्या. खड्ड्यात वरच्या अंगास छिद्रे असलेली सिमेंटची टाकी बसवितात, भोवती दगड-खडी भरतात. गाळ टाकीत राहतो आणि वरचे निवळ पाणी जमिनीत मुरते. साचलेले पाणी गेले, तसे डासही हटले. ही रीत पुढे ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ओळखली गेली. अर्थात हा खड्डा मोरीच्या पाण्यासाठी आहे, शौचकूपासाठी नाही. तो विहिरीपासून व बोअरपासून दूर असावा. निव्वळ काळ्या मातीत पाणी फार सावकाश मुरते, म्हणून खाली मुरूम लागेपर्यंत खणावे.

शेवटी थोडी कामे वाटून घेऊ. जाळीवरचे केस व खरकटे रोज काढावे. न वापरत्या मोरीत दर आठवड्यास पाणी टाकावे. मृगापूर्वी चेंबरांची झाकणे उघडून गाळ काढावा आणि दिवाळीच्या सुमारास तो पुन्हा पाहावा. मैलाटाकी कोणत्या साली उपसली ते घराच्या कागदपत्रांत लिहून ठेवावे. आणि आपल्या गल्लीतील नाली पुढे कोणत्या नाल्यास मिळते, तो नाला नदीस कोठे मिळतो, हे एकदा पायी चालत जाऊन पाहावे. ते पाहून आलेला नागरिक नगरसेवकास जे प्रश्न विचारील, ते घरी बसून सुचणार नाहीत.