तुराटीचा कोळसा, सिमेंटची पिशवी

आपल्या वसतिगृहातून बाहेर पडून चित्रकलेच्या वाटेला लागलेले आम्ही मोजकेच. त्यामुळे स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाची अपेक्षा चार गोड आठवणींची असावी, हे आम्ही जाणून आहोत. परंतु पालक मेळाव्यात आम्हाला दरवेळी एकच प्रश्न विचारला जातो : मुलाचा हात चांगला आहे, पण कागद-रंगांचा खर्च झेपत नाही; मग त्याला या वाटेला लावावे की नाही? या प्रश्नाचे उत्तर आठवणींत नाही, ते साहित्यात आहे. म्हणून हा लेख साहित्याविषयी लिहीत आहोत. ज्या वस्तू घरात, अंगणात, शेताच्या बांधावर पडलेल्या असतात, त्यांच्याकडून रेखांकन कसे शिकता येते, हे आम्ही जे करून पाहिले त्याच्या आधारे सांगत आहोत.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या कला संचालनालयाच्या परीक्षांपर्यंत आमची गाडी ठीक चालली. वस्तुचित्र, स्मरणचित्र, निसर्गचित्र, संकल्पचित्र यांना लागते ते पेन्सिल, खोडरबर आणि एक रंगपेटी. ही पेटी तिघांत एक असे, आणि तिच्यातील पांढरा रंग नेहमी आधी संपे. खरी अडचण फाउंडेशनच्या वर्षी आली. तेथे दररोज रेखांकन, दररोज मोठे कागद. महिनाअखेरीस कागदासाठी पैसे उरत नसत. आमच्या पहिल्या प्रयोगांमागे कोणतीही कलाविषयक जाणीव नव्हती, निव्वळ निकड होती, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

सुरुवात कोळशापासून झाली. चुलीतला कोळसा कागदावर ओढून पाहिलेला नाही असे मूल आपल्यात विरळा. परंतु तो कोळसा असमान जळालेला असतो. एके ठिकाणी ठिसूळ, दुसरीकडे कडक, आणि कडक भाग कागद ओरखडतो. रेखांकनाचा कोळसा वेगळ्या रीतीने करावा लागतो. सुट्टीत गावी गेलो असता आम्ही तुराट्या आणल्या, त्यांची साल काढली, बोटाएवढे तुकडे केले आणि घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात दाटीवाटीने भरले. झाकणाला खिळ्याने एक भोक पाडले. हा डबा विस्तवात ठेवला की भोकातून आधी पांढरी वाफ, मग पिवळसर धूर येऊ लागतो. आत पुरेशी हवा नसल्याने लाकूड पेटत नाही; त्यातील पाणी व वायू निघून जातात आणि कार्बन उरतो. धूर थांबला की डबा बाहेर काढायचा आणि पूर्ण गार होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. पहिल्या वेळी आम्ही उतावीळपणे झाकण उघडले. हवा लागताच आतील काड्या लालबुंद झाल्या आणि आमच्यासमोर त्यांची राख झाली. दुसऱ्या वेळी डबा रात्रभर तसाच ठेवला. सकाळी काळ्याभोर, हलक्या, एकमेकींवर आपटल्या तर किणकिण वाजणाऱ्या काड्या मिळाल्या. पऱ्हाटीच्याही केल्या, त्या आमच्या हातून जरा कडक निघाल्या, पण बारीक रेघेला त्याच बऱ्या.

कोळशाचा मोठा गुण असा की तो पुसता येतो. पेन्सिलीने रेघ मारणारा विद्यार्थी कडेपासून सुरुवात करतो आणि कडेतच अडकून राहतो. कोळसा आडवा धरून फिरवला की आधी छाया पडते; मग चिंधीने, बोटाने प्रकाश उघडता येतो. मडक्याला कड नसते, प्रकाश जेथे वळतो तेथे आपल्याला कड दिसते, हे आम्हाला पुस्तकाने शिकवले नव्हते. ते चिंधीने शिकवले.

पुसण्यासाठी युरोपातील चित्रकार पूर्वी पावाचा मऊ भाग वापरीत. ही माहिती मिळताच आम्ही भोजनगृहातून पाव आणला. स्वयंपाकघरातील मावशींनी ते पाहिले आणि दुसऱ्या दिवशी आमच्या ताटात पाव आला नाही. “कागदाला जेवू घातलंत ना काल?” एवढेच त्या म्हणाल्या. त्यानंतर आम्ही जुन्या सुती धोतराच्या चिंध्यांवरच भागवले.

कोळसा कागदावर टिकत नाही, ही त्याची उणीव. बाजारात त्यासाठी फवारा मिळतो. तो आमच्या आवाक्याबाहेरचा होता. साय काढलेल्या दुधात भरपूर पाणी घालून बारीक फवारले तर दुधातील केसीन हे प्रथिन कोळशाचे कण कागदाला धरून ठेवते. भाताची अगदी पातळ, गाळलेली पेजही थोडेफार काम करते. मात्र पेजेवर पावसाळ्यात कसर लागते. आमचे एक संपूर्ण वर्षाचे काम कसरीने खाल्ले, त्यामुळे या उपायाची शिफारस आम्ही अर्ध्या मनानेच करीत आहोत.

कागदाचा प्रश्न बांधकामावर सुटला. सिमेंटच्या जुन्या कागदी पिशव्या अनेक पदरांच्या असत. बाहेरचा पदर टाकला तर आतील तपकिरी कागद स्वच्छ आणि चिवट निघे. हल्ली पिशव्या बहुतांशी प्लास्टिकच्या येतात, तेव्हा शोध घ्यावा लागतो. पांढऱ्या कागदावर विद्यार्थ्याकडे फक्त अंधार असतो, प्रकाश म्हणजे कोरी जागा. तपकिरी कागदावर मधली छटा आधीच हजर असते. कोळशाने अंधार आणि फळ्यावरच्या खडूने प्रकाश एवढेच द्यायचे, बाकीचे काम कागद करतो. आम्हाला हा कागद नाइलाजाने मिळाला. पुढे कळले की रंगीत कागदावर काळ्या-पांढऱ्या खडूने काम करण्याची रीत युरोपात कित्येक शतकांची आहे.

शाईचे प्रयोग अधिक रंजक झाले. तेलाच्या दिव्यावर ताट धरून काजळी जमवणे सोपे. पण ती पाण्यात मिसळत नाही, तरंगत राहते. तिला आधी बाभळीच्या डिंकाच्या दाट द्रावणात घोटावे लागते, नंतर पाणी. डिंक कमी पडला तर वाळलेली शाई बोटाला लागते, जास्त झाला तर तिला तडे जातात. दुसरी शाई हिरड्याची. हिरडा कुटून उकळायचा, गाळायचा आणि त्यात हिराकस घालायचे. लिहिताना ही शाई फिकट दिसते आणि हवा लागल्यावर डोळ्यांदेखत काळी होत जाते, कारण हिरड्यातील टॅनिन आणि हिराकसातील लोह यांचा संयोग हवेतील प्राणवायूने पुरा होतो. चहाच्या उकळीव पाण्यातही टॅनिन असते. त्यात गंजके खिळे भिजत टाकले तर राखाडी शाई मिळते. लोहाची शाई मात्र वर्षानुवर्षांनी कागद खाते. कोळशाप्रमाणे शाई पुसता येत नाही, म्हणून ती आधी पाहायला आणि मग हात उचलायला लावते. आम्ही पहिले सहा महिने कोळसा आणि नंतर शाई हा क्रम ठेवला, तो योगायोगाने बरोबर निघाला असे आमचे मत आहे.

रंगांबाबत एक फजिती सांगितली पाहिजे. कागदाला चुन्याचा हात देऊन त्यावर हळदीने पिवळे शेत रंगवावे असा आमचा बेत होता. कुंचला टेकताच शेत लाल झाले. हळदीला चुना लागला की ती लाल होते, घरोघरी हळदीपासून कुंकू याच गुणावर करीत. आयांना ठाऊक असलेली गोष्ट चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना ठाऊक नव्हती. पुढे साध्या कागदावर हळद वापरली, तर खिडकीतील उन्हाने ती थोड्याच दिवसांत उडाली. गेरू, पिवळी माती, चुना आणि काजळी हे रंग मात्र उन्हाला दाद देत नाहीत. चुना ओला असताना पाण्यासारखा दिसतो आणि वाळल्यावर पांढरा होतो, तेव्हा तो बेताने लावावा. डोळ्यांत जाऊ देऊ नये.

अजिंठ्याची सहल आपल्यापैकी बहुतेकांनी केली आहे. गुरुजनांनी आपल्याला जातककथा सांगितल्या, बोधिसत्त्व पद्मपाणी दाखविला. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा आम्ही जेथे रंग निखळला आहे तेथे पाहत राहिलो. खाली माती आहे. तिच्यात भाताचा कोंडा आणि वनस्पतींचे तंतू मळलेले आहेत, वरून चुन्याचा पातळ हात आहे, आणि त्या कोरड्या पृष्ठावर चिकट द्रव्यात कालविलेले रंग आहेत : लाल व पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना. दूरदेशीचा म्हणावा असा एक निळा, लाजवर्द, तो अफगाणिस्तानाकडून आलेला. बाकीचे जवळजवळ सारे साहित्य आपल्या घराच्या भिंतीचे आणि अंगणाचे आहे. मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून १८८५ पर्यंत या चित्रांच्या प्रतिकृती करीत होते. त्यांतील बऱ्याच प्रतिकृती पुढे लंडनला आगीत जळाल्या. कोंडा-मातीवरची मूळ चित्रे, जखमी का होईना, अजून भिंतीवर आहेत.

असे आणखी दाखले आम्हाला ग्रंथालयात भेटत गेले. वारली भिंतीवरचा पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा आणि कुंचला बांबूच्या काडीचा. जिव्या सोमा मशे यांनी तीच भाषा कागदावर आणि कापडावर नेली. नंदलाल बोस यांनी १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी हातकागदावर मातीच्या रंगांत शिंपी, सुतार, ढोलकी वाजविणारे रंगविले. त्याच वर्षी शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांनी मुरूम आणि सिमेंट यांचे संथाळ कुटुंब उभे केले. पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचे डोके केले. इटलीत १९६७ च्या सुमारास तर ‘गरीब कला’ या नावाचा संप्रदायच निघाला. वर्गात हे नाव ऐकल्यावर आम्ही मागच्या बाकावर हसलो. गरिबी हा संप्रदाय असू शकतो, ती निवडता येते, ही कल्पना आम्हाला नवी होती.

तो हशा वरवरचा नव्हता. वस्तू निवडणे आणि वस्तू वाट्याला येणे यांत फरक आहे, आणि तो फरक चित्रात येतोच. याची प्रचीती तिसऱ्या वर्षी आली. ‘रोजच्या वापरातील वस्तूने रेखांकन करा’ असा विषय मिळाला. शहरातील सहाध्यायांनी कंगवे, काटे-चमचे, दोऱ्याची रिळे आणली. आमच्यातील एकाची आई नगरपालिकेत झाडूकाम करीत असे. त्याने खराटा आणला, पण वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि दुपारपर्यंत तो कपाटामागे ठेवला. का, हे आम्ही विचारले नाही. या स्मरणिकेच्या वाचकांनाही ते सांगण्याची गरज नाही. आपल्या पणज्यांच्या पाठीशी जी वस्तू जन्माने बांधली गेली, ती चार लोकांसमोर स्वतःहून हातात धरायची, याला कंगवा धरण्यापेक्षा अधिक बळ लागते.

त्याने सिमेंटच्या आठ पिशव्या उलगडून जमिनीवर चिकटवल्या, हिरड्याची शाई परातीत ओतली आणि खराटा बुडवून कागद झाडायला सुरुवात केली. पेन्सिल बोटांनी चालते, कोळसा मनगटाने. खराटा खांद्यातून आणि कमरेतून चालतो. प्रत्येक फटकाऱ्याची एक कमान उमटली, तिची रुंदी त्याच्या हाताच्या लांबीएवढी. सुरुवातीच्या कमानी दाट होत्या, पुढे शाई संपत गेली तशा काड्या सुट्या दिसू लागल्या, आणि शेवटच्या तर नुसत्या ओरखड्यासारख्या. एका परीक्षकांनी यात रेखांकन कोठे आहे असे विचारले आणि गुण कमी दिले. दुसऱ्यांनी त्याला पुन्हा एकदा, शाईशिवाय, झाडून दाखवायला सांगितले आणि ते बराच वेळ त्याच्या पायांकडे पाहत होते. आमच्या मते त्या वर्षीच्या वर्गातील ते सर्वांत खरे रेखांकन होते, आणि हे आम्ही मैत्रीखातर म्हणत नाही. त्यात किती ठिकाणी दम लागला आहे ते मोजता येत होते.

वार्षिक प्रदर्शनाला त्याची आई आली. कामावरून सुटून, साडी बदलून, दोन बस करून आली. इतर चित्रांसमोरून ती भराभर पुढे गेली आणि या कागदासमोर उभी राहिली. आम्ही चौघे मागे थांबलो होतो. तिने पदराने चश्मा पुसला, पुन्हा पाहिले आणि मुलाला म्हणाली, “सगळं एकाच बाजूनं झाडलंयस रे. वारं फिरलं की आपण पण फिरतो. नाहीतर कचरा परत अंगावर येतो.”

दुसऱ्या दिवशी त्याने आणखी आठ पिशव्या मागून आणल्या.