पिंगळा आणि रानपिंगळा

'रानपिंगळा म्हणजे रानात राहायला गेलेला पिंगळाच,' असे समजणारे पुष्कळ भेटतात. पण या घुबडांच्या दोन वेगळ्या जाती आहेत. पक्षीतज्ज्ञ ए. ओ. ह्यूम यांनी 1873 साली रानपिंगळ्याला स्वतंत्र प्रजातीत बसवले होते. आता जनुकीय अभ्यासानंतर तो पिंगळ्यासोबत 'अथीनी' प्रजातीतच धरला जातो. म्हणजे भाऊबंद खरे, पण एकच नव्हेत.

ओळखायचे तर आधी डोके पाहावे. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याचे जवळजवळ कोरे. शिवाय रानपिंगळ्याचे पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले असतात. घुबडे रात्रीच हिंडतात हा समजही त्याला लागू पडत नाही. तो दिवसाउजेडी शिकार करतो.

'हा पक्षी नामशेष झाला होता' हे तर छापूनही आलेले आहे. नामशेष झाला नव्हता, दिसला नव्हता, इतकेच. 1914 साली गुजरातेत मांडवीजवळ तो मिळाल्याची नोंद रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या ब्रिटिश अधिकाऱ्याने केली होती. ती चक्क लबाडी निघाली. तो नमुना जेम्स डेव्हिडसन यांनी 1880च्या दशकात खानदेशात मिळवला होता. माइनर्ट्झहॅगनने तो संग्रहालयातून चोरून त्यावर स्वतःची चिठ्ठी लावली होती. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही नोंद बाजूला सारली, जुन्या खऱ्या नोंदींची ठिकाणे धरली आणि नोव्हेंबर 1997 मध्ये सहकाऱ्यांसह खानदेशातल्या शहाद्याजवळ रानपिंगळा गाठला. पक्षी होता तिथेच होता, शतकाहून अधिक काळ!

'तो फक्त सातपुड्यात आहे' हेही अर्धेच खरे. तोरणमाळ, यावल, मेळघाट ही त्याची प्रसिद्ध ठिकाणे आहेत, पण 2014 मध्ये तो मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही आढळला. तरी मध्य भारताच्या विरळ, पानगळीच्या सागवानी जंगलांबाहेर त्याचे फारसे वास्तव्य नाही. पिंगळ्याचा पसारा मात्र इराणपासून आग्नेय आशियापर्यंत आहे. त्याला गावातली जुनी भिंतही चालते, म्हणून धोक्यातील जातींच्या जागतिक यादीत तो चिंतेबाहेर आहे.

2018 मध्ये रानपिंगळा याच यादीत 'अतिसंकटग्रस्त'मधून 'संकटग्रस्त' श्रेणीत आला, तेव्हा काहींनी तो वाढला असे मानले. प्रत्यक्षात शोध वाढला आणि नवी ठिकाणे सापडली. प्रौढ पक्षी अजूनही हजाराच्या आतच धरले जातात, आणि त्यांना घरट्यासाठी लागणारी ढोलीची जुनी झाडे तुटतच आहेत.