करोल बाग (राखीव): मीराकुमार यांची राजकीय वाटचाल

करोल बाग म्हटले की दिल्लीला जाऊन आलेल्या मराठी माणसाला अजमल खाँ रस्त्यावरची खरेदी आठवते, गफ्फार मार्केटमधली मोबाइलची दुकाने आठवतात. विटा-आटपाडीकडच्या माणसाला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. दुष्काळी पट्ट्यातून सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेले गलाई बांधव इथल्या सराफी गल्ल्यांतही आहेत, त्यामुळे या बाजारात मधूनच माणदेशी बोली कानावर पडते. मात्र करोल बाग हे एकेकाळी लोकसभेच्या मतदारसंघाचे नाव होते, हे आता खुद्द दिल्लीकरही विसरत चालले आहेत.

1962 ते 2004 या काळात या मतदारसंघात लोकसभेच्या 12 निवडणुका झाल्या आणि 10 जण निवडून आले. मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव होता. या दहांपैकी चार महिला होत्या: सुंदरवती नवल प्रभाकर, मीराकुमार, अनिता आर्य आणि कृष्णा तीरथ. 1996 नंतर तर मतदारसंघ संपेपर्यंत इथून एकही पुरुष निवडून आला नाही. महिलांसाठी कोणतेही आरक्षण नसताना हे घडले. या चौघींपैकी मीराकुमार पुढे लोकसभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या आणि राष्ट्रपतिपदाची निवडणूकही लढल्या.

त्यांची ओळख बहुधा ‘बाबू जगजीवनराम यांच्या कन्या’ एवढ्यावरच संपते. ओळख खरी आहे, पण अपुरी आहे. तीन राज्यांतून, पाच वेळा, प्रत्येक वेळी राखीव मतदारसंघातून निवडून आलेल्या या बाईंची कारकीर्द म्हणजे आपल्या राखीव जागांच्या व्यवस्थेने काय दिले आणि कुठे हात आखडता घेतला, याचा चालताबोलता दाखला आहे.

येरवड्यापासून रैगरपुऱ्यापर्यंत

राखीव मतदारसंघाची गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. 24 सप्टेंबर 1932 रोजी येरवड्यात पुणे करार झाला. बाबासाहेब आंबेडकरांची मागणी स्वतंत्र मतदारसंघांची होती. गांधीजींच्या उपोषणामुळे तडजोड झाली आणि जागा राखीव, पण मतदार सगळे, अशी पद्धत ठरली. म्हणजे उमेदवार अस्पृश्य समाजाचा, पण त्याला निवडून देणारे बहुसंख्य मतदार इतर समाजांचे. ही रचना राज्यघटनेनंतरही थोड्याफार फरकाने टिकली.

पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत काही मतदारसंघ दोन सदस्यांचे असत, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. दिल्लीचा बाह्य भाग असाच होता आणि तिथून नवल प्रभाकर राखीव जागेवर निवडून आले होते. 1961 च्या कायद्याने द्विसदस्यीय मतदारसंघ बंद झाले. 1962 साली करोल बाग हा स्वतंत्र राखीव मतदारसंघ मतदानाला सामोरा गेला तेव्हा पहिले खासदार झाले तेही नवल प्रभाकरच.

करोल बागची वस्ती या रचनेला साजेशी होती. 1920 च्या दशकात कॅनॉट प्लेस उभारताना माधोगंज, जयसिंगपुरा, राजा का बाजार या जुन्या वस्त्या उठवल्या गेल्या आणि तिथली माणसे या बाजूला सरकली. राजस्थानातून आलेल्या, चामड्याचे काम करणाऱ्या रैगर समाजाचा रैगरपुरा इथलाच. ठक्करबाप्पांच्या नावाचे बापानगरही इथलेच. 1921 साली गांधीजींच्या हस्ते ज्याचे उद्घाटन झाले, ते हकीम अजमल खाँ यांचे तिब्बिया महाविद्यालय याच भागात आहे. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून निर्वासितांचा लोंढा आला आणि त्यांनी बाजारपेठ उभी केली. कष्टकरी दलित वस्ती एका बाजूला, पंजाबी व्यापारी दुसऱ्या बाजूला. इथे जिंकायचे तर दोन्हीकडची मते लागत.

दिल्लीतले बालपण, माद्रिदमधली नोकरी

मीराकुमार यांचा जन्म 31 मार्च 1945 रोजी बिहारमध्ये झाला. पुढच्याच वर्षी वडील नेहरूंच्या हंगामी सरकारात सर्वांत तरुण मंत्री म्हणून कामगार खाते सांभाळू लागले, त्यामुळे मुलीचे बालपण दिल्लीतल्या सत्तेच्या वर्तुळातच गेले. डेहराडून आणि जयपूरच्या निवासी शाळा, मग दिल्ली विद्यापीठातून इंग्रजी साहित्यात एम. ए. आणि कायद्याची पदवी, असे शिक्षण झाले. त्या रायफल नेमबाजी करत, कविताही लिहीत. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयातले वकील मंजुल कुमार यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

1973 साली त्या भारतीय परराष्ट्र सेवेत दाखल झाल्या. स्पॅनिश शिकल्या आणि माद्रिदच्या दूतावासात काम करून पुढे लंडनला गेल्या. हा काळ स्पेन आणि भारत या दोन्ही देशांत उलथापालथीचा होता. स्पेनमध्ये नोव्हेंबर 1975 मध्ये हुकूमशहा फ्रँको मरण पावला. जून 1977 मध्ये चार दशकांनंतरची पहिली मुक्त निवडणूक झाली. इकडे भारतात आणीबाणी होती. फेब्रुवारी 1977 मध्ये जगजीवनराम यांनी इंदिरा गांधींची साथ सोडून ‘काँग्रेस फॉर डेमोक्रसी’ काढली आणि काँग्रेसच्या पराभवाला मोठा हातभार लावला. 1979 मध्ये ते उपपंतप्रधान झाले. कन्या मात्र सरकारी नोकरीत होती आणि राजकारणाबाहेर होती.

बिजनौरचा तिरंगी सामना

राजकारणातला प्रवेश 1985 चा. राजीव गांधींच्या काँग्रेसने त्यांना उत्तर प्रदेशातल्या बिजनौर या राखीव मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत उतरवले. समोर होते रामविलास पासवान आणि नुकत्याच राजकारणात आलेल्या मायावती. मीराकुमार जेमतेम पाच हजारांच्या फरकाने जिंकल्या. पासवान दुसरे, मायावती तिसऱ्या. उत्तर भारतातल्या दलित राजकारणाचे पुढच्या तीन दशकांचे तीन प्रवाह या एका पोटनिवडणुकीत समोरासमोर आले होते: काँग्रेसचा, समाजवादी-जनता परिवाराचा आणि कांशीराम यांच्या बहुजन चळवळीचा.

जुलै 1986 मध्ये जगजीवनराम गेले. 1952 पासून तहहयात ते ससाराम भागाचे खासदार होते. पण 1989 मध्ये उत्तर भारतात काँग्रेसचा पाया ढासळला, ससाराम जनता दलाच्या छेदी पासवान यांच्याकडे गेले आणि 1991 मध्येही त्यांच्याकडेच राहिले. वडिलांचा मतदारसंघ वारशाने मिळावा अशी परिस्थिती राहिलीच नव्हती.

दिल्लीतल्या एकट्या काँग्रेस खासदार

अशा वेळी करोल बाग उपयोगी पडले. 1989 आणि 1991 मध्ये इथे भाजपचे कालका दास निवडून आले होते. 1996 मध्ये मीराकुमार यांनी ही जागा काँग्रेसकडे परत आणली. त्या वर्षी दिल्लीतल्या सात जागांपैकी पाच भाजपने जिंकल्या, काँग्रेसला चांदनी चौक आणि करोल बाग एवढ्या दोनच मिळाल्या. 1998 मध्ये चांदनी चौकही गेले. भाजपचे सहा, काँग्रेसच्या एकट्या मीराकुमार! वाजपेयींच्या नावाची लाट राजधानीत जोरात असताना ही एक जागा टिकली. करोल बागेत बाबूजींचे घराणे नव्हते, बिहारमधले जातींचे गणित नव्हते आणि हवा विरोधात होती. त्यांच्या पाच विजयांपैकी सर्वांत स्वकष्टार्जित विजय निवडायचा झाला, तर मी हाच निवडेन.

त्याच 1998 च्या निवडणुकीत महाराष्ट्रात काय घडले, ते शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. काँग्रेसच्या पाठिंब्याने रिपब्लिकन पक्षाचे चार नेते लोकसभेवर गेले: अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले आणि चिमूरमधून जोगेंद्र कवाडे. चारही मतदारसंघ खुले होते. दलित नेत्याने खुल्या जागेवर जिंकणे शक्य आहे, हे महाराष्ट्राने दाखवले. पण पुढच्याच वर्षी आघाडी विस्कटली आणि ती घाऊक किमया पुन्हा साधली नाही.

करोल बागही फार काळ साथीला राहिले नाही. कारगिलनंतरच्या 1999 च्या निवडणुकीत भाजपने दिल्लीतल्या सातही जागा घेतल्या आणि अनिता आर्य यांनी मीराकुमार यांचा पराभव केला. जेमतेम दहा महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर 1998 मध्ये, शीला दीक्षित यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसने दिल्लीची विधानसभा जिंकली होती, तरीही हे झाले. 2000 साली मीराकुमार पक्षातून बाहेर पडल्या आणि 2002 मध्ये परतल्या.

मंत्रालय आणि रेणके आयोग

2004 मध्ये त्या वडिलांच्या ससाराममधून मोठ्या फरकाने निवडून आल्या आणि मनमोहनसिंग यांच्या मंत्रिमंडळात सामाजिक न्याय व सक्षमीकरण मंत्री झाल्या. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकणारा 2007 चा कायदा याच खात्याचा. भटक्या-विमुक्तांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाने 2008 मध्ये आपला अहवाल याच खात्याला सादर केला. आयोगाचे अध्यक्ष होते महाराष्ट्रातले कार्यकर्ते बाळकृष्ण रेणके. देशभरच्या पारधी, वडार, कैकाडी, नाथपंथी डवरी गोसावी अशा समाजांची स्थिती सरकारदरबारी मांडणारे ते महत्त्वाचे काम होते. शिफारशी मात्र बऱ्याचशा कागदावरच राहिल्या आणि त्या अपयशाचा वाटा खात्याच्या पदरातही पडतो.

अध्यक्षांच्या आसनावर

2009 मध्ये ससारामने त्यांना पुन्हा निवडून दिले. जलसंपदा खाते मिळाले, पण काही दिवसांतच पक्षाने त्यांना लोकसभेच्या अध्यक्षपदासाठी पुढे केले आणि 3 जून 2009 रोजी त्यांची बिनविरोध निवड झाली. ज्या आसनावर दादासाहेब मावळंकर, शिवराज पाटील, मनोहर जोशी बसले, तिथे पहिल्यांदाच एक महिला बसली. त्यांच्यानंतर 2014 मध्ये आलेल्या दुसऱ्या महिला अध्यक्ष मूळच्या चिपळूणच्या, इंदूरच्या खासदार सुमित्रा महाजन.

मीराकुमार यांचा स्वभाव मृदू, आवाज त्याहून मृदू. गोंधळ घालणाऱ्या सदस्यांना त्या हसतमुखाने ‘बैठ जाइए’ म्हणत राहिल्या आणि सदस्य उभेच राहिले, अशी थट्टा त्या काळात खूप झाली. थट्टेत तथ्यही होते. टू-जी घोटाळ्यावर संयुक्त संसदीय समितीच्या मागणीवरून 2010 चे संपूर्ण हिवाळी अधिवेशन वाया गेले. 13 फेब्रुवारी 2014 रोजी तेलंगणा विधेयक मांडताना एका खासदाराने सभागृहात मिरीच्या अर्काचा फवारा मारला. पाचच दिवसांनी, थेट प्रक्षेपण बंद पडलेल्या स्थितीत, विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झाले. पंधरावी लोकसभा कामकाजाच्या दृष्टीने पन्नास वर्षांतली सर्वांत वाईट ठरली, असे संसदेच्या अभ्यासकांनी नोंदवले. हा सगळा दोष अध्यक्षांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, पण सभागृहावर वचक बसवण्यात त्या कमी पडल्या, हेही खरे.

मतदारसंघच पुसला जातो तेव्हा

दरम्यान करोल बाग मतदारसंघ इतिहासजमा झाला होता. 2008 च्या पुनर्रचनेत तो रद्द झाला आणि दिल्लीची राखीव जागा वायव्य दिल्लीकडे गेली. करोल बागेच्या शेवटच्या खासदार कृष्णा तीरथ 2009 मध्ये तिथूनच निवडून आल्या. करोल बाग विधानसभा मतदारसंघ आजही राखीव आहे, पण लोकसभेसाठी तो नवी दिल्लीत मोडतो.

आपल्याकडे हे नेहमीचे. मतदारसंघाची हद्द बदलते, आरक्षण पडते किंवा उठते आणि नेत्याला बस्तान हलवावे लागते. मीराकुमार एकेकाळी राहिल्या त्या स्पेनमध्ये घटनेनेच प्रांत हा मतदारसंघ ठरवला आहे आणि मतदान पक्षाच्या यादीला होते. 2008 मध्ये स्पेनच्या पहिल्या महिला संरक्षणमंत्री झालेल्या कॅटलान नेत्या कार्मे चाकोन आपल्या पक्षाच्या बार्सिलोनाच्या यादीत अग्रभागी असत. त्यांना मतदारसंघ शोधत फिरावे लागले नाही. यादीची पद्धत निर्दोष नाही, तिथे मतदारापेक्षा पक्षश्रेष्ठींची मर्जी मोठी होते. पण बिजनौर, करोल बाग, ससाराम ही वणवण तिथल्या राजकारण्याच्या वाट्याला सहसा येत नाही.

एकमेव खुली निवडणूक

2014 मध्ये मोदी लाटेत ससाराम गेले, जिंकले तेच छेदी पासवान, आता भाजपचे. 2019 मध्येही त्यांनीच मीराकुमार यांना हरवले. या दोन पराभवांच्या मधे आली 2017 ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक. सत्ताधारी आघाडीने रामनाथ कोविंद यांना उमेदवारी दिली आणि 17 विरोधी पक्षांनी मीराकुमार यांना. दोन्ही उमेदवार दलित असल्याने सगळी चर्चा जातीवरच घसरली. ‘दलित विरुद्ध दलित’ या मांडणीबद्दल मीराकुमार यांनी उघड नाराजी व्यक्त केली. याआधी सवर्ण उमेदवार एकमेकांसमोर उभे राहिले तेव्हा त्यांच्या जातीची अशी चर्चा कधी झाली होती का, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. निकाल अपेक्षितच लागला. कोविंद यांना मतमूल्याने 7,02,044 आणि मीराकुमार यांना 3,67,314 मते मिळाली.

ताळेबंद मांडताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. परराष्ट्र सेवेतली अधिकारी, कायद्याची पदवीधर, केंद्रीय मंत्री, लोकसभेची अध्यक्ष असा लौकिक असूनही या बाई खुल्या मतदारसंघातून एकदाही लोकसभेवर गेल्या नाहीत. मोठ्या घराण्याचे नाव पाठीशी असताना त्यांची ही गत, तर नाव नसलेल्यांची काय असेल? राखीव जागा नसत्या तर करोल बागेने दिलेले दहाच्या दहा खासदार संसदेत पोचले असते का, याचे उत्तर प्रत्येकाने प्रामाणिकपणे स्वतःला द्यावे. राखीव जागांनी दार उघडले, हे निःसंशय. पण खुल्या जागेवर दलित उमेदवार द्यायला आपले पक्ष आजही कचरतात, आणि जोवर ते कचरतात तोवर राखीव जागांचे काम संपले असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही.